विश्लेषण : ३१ इनिंग, २४.५ कोटी डॉलर! बेसबॉलमधील पिचरची कमाई नेमकी ठरते कशी?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या क्लबने डिसेंबर २०१९ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरशी सात वर्षांचा करार केला. रक्कम होती २४ कोटी ५० लाख डॉलर. एका डॉलरला ८५ रुपये धरले, तर सुमारे २,०८० कोटी रुपये. हा करार झाल्यानंतर स्ट्रासबर्ग केवळ आठ सामने खेळू शकला. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी तो अधिकृतपणे निवृत्त झाला. तरीही कराराची रक्कम क्लबच्या डोक्यावर कायम राहिली. न खेळणाऱ्या खेळाडूला इतके पैसे का मिळतात? ‘कारकीर्दीतील एकूण कमाई’ म्हणून जे आकडे सांगितले जातात, ते खरोखर खेळाडूच्या हातात पडतात का? आणि असे पैसे नाकारणारा कोणी पिचर आहे का?

प्रकरण काय आहे?

स्ट्रासबर्ग हा सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाचा खेळाडू. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नॅशनल्सने त्याला सर्वांत आधी निवडले. एजंट स्कॉट बोरास यांनी त्याच्यासाठी चार वर्षांचा १ कोटी ५१ लाख डॉलरचा करार मिळवला. ड्राफ्टमधून येणाऱ्या खेळाडूसाठी तेव्हा तो विक्रम होता. ८ जून २०१० रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या पदार्पणात त्याने सात इनिंगमध्ये १४ फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’ केले, म्हणजे त्यांना चेंडू खेळूच न देता बाद केले. त्याच मोसमात, सप्टेंबरमध्ये, त्याच्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली.

पुढे तो सावरला. मे २०१६ मध्ये त्याला सात वर्षांचा १७ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार मिळाला. २०१९ मध्ये नॅशनल्सने पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली आणि स्ट्रासबर्ग मालिकेचा मानकरी ठरला. त्याच्या करारात तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याची मुभा होती. विजेतेपदानंतर लगेच त्याने ती वापरली, उरलेल्या चार वर्षांचे १० कोटी डॉलर सोडले आणि त्याच क्लबकडून २४.५ कोटींचा नवा करार मिळवला. पिचरला मिळालेला तो तोवरचा सर्वांत मोठा करार होता. दोनच दिवसांत न्यूयॉर्क यांकीजने गेरिट कोलला ३२ कोटी ४० लाख देऊन तो विक्रम मोडला.

त्यानंतर मात्र सगळेच बिघडले. २०२० मध्ये मनगटातील नस दबल्याचे निदान होऊन शस्त्रक्रिया झाली. २०२१ मध्ये ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ या विकाराचे निदान झाले. यात मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये दाबल्या जातात. शस्त्रक्रियेत त्याची एक बरगडी काढावी लागली. ९ जून २०२२ रोजी मायामीविरुद्ध तो परतला, पाच इनिंगही पूर्ण करू शकला नाही आणि पुन्हा कधीच खेळला नाही.

पिचरला इतके महत्त्व का?

क्रिकेटच्या चष्म्यातून पाहिले तर पिचर म्हणजे गोलंदाज. फरक असा, की क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत, पाच-सहा गोलंदाज लागतात. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर सलग पाच-सहा इनिंग एकटाच चेंडू टाकतो. प्रतिस्पर्धी संघाचे तीन फलंदाज बाद झाले, की त्याची एक इनिंग पूर्ण होते. सामन्यात साधारण ९० ते १०० चेंडू टाकल्यावर त्याला चार-पाच दिवस विश्रांती मिळते. मोसमात १६२ सामने असले, तरी असा पिचर त्यातील ३० ते ३३ सामन्यांतच खेळतो. मात्र ज्या दिवशी तो खेळतो, त्या दिवशी निकालावर त्याच्याइतका प्रभाव दुसऱ्या कोणाचाच नसतो.

हात वाकवून, खांद्यावरून, टप्पा न पाडता १८.४४ मीटरवरून ताशी १५० ते १६० किलोमीटर वेगाने चेंडू फेकणे ही शरीरासाठी अनैसर्गिक हालचाल आहे. प्रत्येक चेंडूला कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर त्याच्या सहनशक्तीच्या मर्यादेजवळचा ताण येतो. यंत्राचा एखादा भाग वारंवार जवळपास पूर्ण क्षमतेने वापरला तर तो थकतो आणि एक दिवस तुटतो, तसेच येथे घडते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध बसवला. ती शस्त्रक्रिया आज ‘टॉमी जॉन सर्जरी’ याच नावाने ओळखली जाते. स्ट्रासबर्गवर २०१० मध्ये झाली ती हीच. थोडक्यात, क्लब ज्या हातासाठी कोट्यवधी मोजतो, तोच सर्वांत आधी निकामी होण्याची शक्यता असते.

पगार ठरतो कसा?

मेजर लीगमधील वेतनाला तीन पायऱ्या आहेत. पहिली साधारण तीन वर्षे खेळाडूला किमान वेतन किंवा त्याच्या आसपासची रक्कम मिळते आणि ती क्लब ठरवतो. हे किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. त्यानंतरची तीन वर्षे लवादाची. खेळाडू आणि क्लब आपापला आकडा मांडतात, एकमत झाले नाही तर लवाद त्या दोनपैकी एक आकडा निवडतो. मधला मार्ग काढण्याची मुभा लवादाला नसते. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे कोणत्याही क्लबशी वाटाघाटी करू शकतो. सेवेचे एक वर्ष म्हणजे संघाच्या यादीत १७२ दिवस.

याचा परिणाम सरळ आहे. विशी-पंचविशीत, जेव्हा हात सर्वांत ताजा असतो, तेव्हा खेळाडूला कामगिरीच्या मानाने कमी पैसे मिळतात. खरा बाजारभाव मिळतो तो २८ ते ३१ या वयात, जेव्हा हाताने हजारो चेंडू टाकून झालेले असतात. आयपीएलपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. तेथे लिलावात लागलेली बोली हे एका हंगामाचे मानधन असते. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर लागलेली २७ कोटी रुपयांची बोली आयपीएलमधील विक्रमी ठरली. स्ट्रासबर्गच्या करारातील एका वर्षाचा वाटा, ३ कोटी ५० लाख डॉलर, वरच्याच दराने सुमारे २९७ कोटी रुपये होतो.

एका इनिंगचा भाव किती?

स्ट्रासबर्गच्या तीन मोठ्या करारांची रक्कम आणि त्या काळात नियमित मोसमात त्याने टाकलेल्या इनिंग यांचा भागाकार केला, तर ही व्यवस्था आकड्यांत दिसते.

पहिला करार, २०१० ते २०१२ चे मोसम : १ कोटी ५१ लाख डॉलर आणि सुमारे २५१ इनिंग. एका इनिंगमागे साधारण ६० हजार डॉलर.

दुसऱ्या करारातील तीन वर्षे, २०१७ ते २०१९ : साडेसात कोटी डॉलर आणि सुमारे ५१४ इनिंग. एका इनिंगमागे साधारण १ लाख ४६ हजार डॉलर.

तिसरा करार, २०२० पासून : २४ कोटी ५० लाख डॉलर आणि अवघ्या सुमारे ३१ इनिंग. एका इनिंगमागे सुमारे ७८ लाख डॉलर.

मधल्या २०१३ ते २०१६ या चार मोसमांत तो वर्षागणिक ठरणाऱ्या पगारावर खेळला आणि या काळात त्याने ६७३ इनिंग टाकल्या. म्हणजे कारकीर्दीतील १,४७० पैकी जवळपास निम्म्या. सर्वाधिक काम झाले ते या तुलनेने स्वस्त वर्षांत, आणि सर्वाधिक पैसे लागू झाले ते हात थकल्यावर.

२०१९ चा मोसम येथे महत्त्वाचा ठरतो. नियमित मोसमात २०९ आणि बाद फेरीत सुमारे ३६, अशा एकूण २४५ इनिंग त्याने त्या वर्षी टाकल्या. त्याच्या कारकीर्दीतील हा सर्वांत मोठा भार. त्या कामगिरीनेच त्याला सर्वांत मोठा करार मिळवून दिला आणि त्यानंतर त्याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. दुखापतीचे एकच कारण दाखवता येत नाही, परंतु भाव आणि भार दोन्ही एकाच वर्षी शिगेला पोहोचले, ही वस्तुस्थिती आहे.

न खेळताही पूर्ण पैसे का?

मेजर लीगमधील बहुवर्षीय करारांत हमीचे कलम असते. खेळाडू जखमी झाला, त्याचा सूर हरपला किंवा क्लबने त्याला संघाबाहेर काढले, तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते. एक मोठा अपवाद म्हणजे खेळाडूने स्वतःहून निवृत्ती घेणे. तसे केल्यास उरलेल्या रकमेवरचा हक्क जातो. त्यामुळे पुन्हा कधीही खेळू न शकणारा खेळाडू कागदोपत्री जखमींच्या यादीत राहतो आणि पगार घेत राहतो. यात नियमभंग काहीच नाही.

स्ट्रासबर्गच्या निवृत्तीचे घोडे येथेच अडले. ऑगस्ट २०२३ मध्ये तो निवृत्त होणार असल्याच्या बातम्या आल्या. ९ सप्टेंबरला समारंभही ठरला होता, तो रद्द झाला. निवृत्तीनंतर उरलेली रक्कम कशी द्यायची, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होत नव्हते. अखेर तोडगा निघाला आणि एप्रिल २०२४ मध्ये निवृत्ती नोंदवली गेली. क्लब अशा करारांचा विमा उतरवू शकतात, पण आधी शस्त्रक्रिया झालेल्या पिचरचा विमा महाग पडतो किंवा जुनी दुखापत त्यातून वगळली जाते. स्ट्रासबर्गच्या करारावर विमा नव्हता, असे वृत्त अमेरिकी माध्यमांनी दिले होते. म्हणजेच सगळा भार क्लबवर.

पूर्वी काय परिस्थिती होती?

ही हमी कशासाठी आली, हे समजण्यासाठी १९६६ मध्ये जावे लागते. लॉस एंजेलिस डॉजर्सचे सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल हे त्या काळातील आघाडीचे पिचर. दोघांनी मिळून तीन वर्षांसाठी १० लाख डॉलरची मागणी केली आणि एकत्रितपणे सरावावर बहिष्कार टाकला. तेव्हा प्रत्येक करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ असे. करार संपला, तरी खेळाडूवर हक्क जुन्याच क्लबचा. दुसरीकडे जाण्याची सोयच नसल्याने दोघांना अखेर तडजोड करावी लागली. कोफॅक्सला त्या एका वर्षासाठी १ लाख २५ हजार आणि ड्रायस्डेलला १ लाख १० हजार डॉलर मिळाले.

त्या मोसमात कोफॅक्सने ३२३ इनिंग टाकल्या आणि २७ सामने जिंकले. कोपराला संधिवात झाला होता. वेदनाशामक औषधे आणि इंजेक्शने घेऊन तो खेळत होता. हात कायमचा निकामी होण्याची भीती असल्याने नोव्हेंबर १९६६ मध्ये, वयाच्या ३०व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. सर्वोत्तम मोसमानंतर लगेच त्याचा पगार शून्यावर आला. हात क्लबच्या कामी झिजला होता, नुकसान मात्र एकट्या खेळाडूच्या वाट्याला आले.

ही परिस्थिती बदलण्यातही पिचरच आघाडीवर होते. १९७४ मध्ये ओकलंड क्लबच्या मालकाने जिम ‘कॅटफिश’ हंटरच्या करारातील ५० हजार डॉलर ठरल्याप्रमाणे वार्षिकी योजनेत भरले नाहीत. लवाद पीटर सेट्झ यांनी करारभंग झाल्याचे मान्य करून हंटरला मोकळे केले. लगेच यांकीजने त्याला पाच वर्षांसाठी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. खुल्या बाजारात पिचरची किंमत काय असू शकते, हे तेव्हा सर्वांना कळले. वर्षभराने, २३ डिसेंबर १९७५ रोजी, याच सेट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या प्रकरणात निर्णय दिला, की क्लबला खेळाडूवर हक्क सांगता येईल तो एकच वर्ष, कायमचा नाही. मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेचा हा सर्वांत मोठा विजय. आजच्या फ्री एजन्सीचा आणि दीर्घ मुदतीच्या हमीच्या करारांचा पाया याच निर्णयात आहे.

१ कोटी २० लाख डॉलर सोडणारा मेश कोण?

हमी असूनही पैसे सोडणारा एक पिचर आहे. त्याचे नाव गिल मेश. कॅन्सस सिटी रॉयल्सने डिसेंबर २००६ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी साडेपाच कोटी डॉलर दिले, तेव्हा सरासरी दर्जाच्या पिचरला इतके पैसे कशाला, अशी टीका झाली. पहिली दोन वर्षे त्याने ती टीका खोटी ठरवली. जून २००९ मध्ये ॲरिझोनाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात १३२ चेंडू टाकले. सामना जिंकला, पण त्यानंतर त्याची कामगिरी घसरत गेली. खांद्यावर कारकीर्दीच्या सुरुवातीलाच दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१० मध्ये त्याला एकही विजय मिळाला नाही.

कराराचे शेवटचे वर्ष बाकी होते आणि त्याचे सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. शस्त्रक्रिया करून घेऊन वर्षभर जखमींच्या यादीत राहिला असता, तरी संपूर्ण रक्कम मिळाली असती. जानेवारी २०११ मध्ये, ३२व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली आणि ती रक्कम सोडली. आपण त्या पैशांचे काम करू शकत नाही, म्हणून ते घेणे योग्य वाटत नाही, अशी त्याची भूमिका होती. आतापर्यंत पुरेसे कमावले आहे, हेही त्याने सांगितले.

मेशचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र त्यामुळे स्ट्रासबर्ग चुकीचा ठरत नाही. मेशने जे सोडले, त्याचा फायदा चाहत्यांना स्वस्त तिकिटाच्या रूपाने मिळाला नाही, तो क्लबच्या ताळेबंदाला मिळाला. शिवाय १३२ चेंडूंच्या त्या सामन्यात त्याला मैदानात ठेवण्याचा निर्णय त्याचा एकट्याचा नव्हता. उलट बाजूचे उदाहरणही आहे. २०१२ मध्ये नॅशनल्स विजेतेपदाच्या शर्यतीत असताना क्लबने स्ट्रासबर्गला सुमारे १५९ इनिंगनंतर मोसमाच्या मध्येच थांबवले, कारण कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर हात जपायचा होता. त्याच्याविना संघ बाद फेरीत हरला आणि क्लबवर प्रचंड टीका झाली. पिचरचा हात किती वापरायचा, हे बहुतेक वेळा क्लब ठरवतो. मग तो तुटला तर खर्चात वाटा कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

एकूण कमाईपैकी हातात किती?

स्ट्रासबर्गच्या कमाईचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळे दिसतात. याची कारणे करारातच आहेत.

पहिले कारण, स्थगित रक्कम. २४.५ कोटींपैकी ८ कोटी डॉलर लगेच न देता २०२७ ते २०२९ या काळात, एक टक्का व्याजाने द्यायचे ठरले होते. दरवर्षीच्या ३ कोटी ५० लाखांतून सुमारे १ कोटी १४ लाख पुढे ढकलले जात होते. महागाई एक टक्क्याहून जास्त असेल, तर उशिरा मिळणाऱ्या डॉलरची किंमत आजच्यापेक्षा कमी भरते. त्यामुळे कराराचे खरे मूल्य छापलेल्या आकड्याहून कमी होते.

दुसरे कारण, करोना. २०२० मध्ये १६२ ऐवजी ६० सामन्यांचाच मोसम झाला आणि खेळाडूंचे वेतन त्याच प्रमाणात कमी केले गेले. या हिशेबाने ३ कोटी ५० लाख डॉलरचे १ कोटी ३० लाखच होतात.

तिसरे कारण, कर आणि दलाली. अमेरिकेत सर्वाधिक उत्पन्न गटावर केंद्रीय प्राप्तिकराचा दर ३७ टक्के आहे. त्याशिवाय खेळाडू ज्या राज्यात सामना खेळतो, त्यातील अनेक राज्ये त्या दिवसांच्या वेतनावर आपला कर लावतात. याला तेथे ‘जॉक टॅक्स’ म्हणतात. एजंटची दलाली साधारण चार-पाच टक्के असते. सर्व वजावट धरली तर शंभरातील पन्नास-साठ डॉलरच खेळाडूकडे उरतात. तरीही रक्कम प्रचंड आहे, यात शंका नाही. पण ‘एकूण कमाई’ हा करारांच्या बेरजेचा आकडा असतो, बँकेतील शिलकीचा नाही.

सगळेच पिचर कोट्यधीश असतात का?

नाही. मेजर लीगखाली मायनर लीगची उतरंड आहे आणि बहुसंख्य पिचर तेथेच थांबतात. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा सर्वांत वरच्या स्तराचे किमान वार्षिक वेतन ३५ हजार ८०० डॉलर आणि सर्वांत खालच्या स्तराचे १९ हजार ८०० डॉलर ठरले. त्याआधीचे वेतन यापेक्षा खूपच कमी होते.

भारतीयांना या उतरंडीची ओळख रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे झाली. उत्तर प्रदेशातील हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. २०१४ मध्ये डिस्नेने त्यांच्यावर चित्रपटही काढला. मात्र दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. रिंकूची कारकीर्द दुखापतींत अडकली आणि पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीकडे वळला. ज्यांचा हात पहिला मोठा करार होण्याआधीच जातो, त्यांच्या नावापुढे ‘कारकीर्दीतील कमाई’ असा आकडा कोणी लिहीत नाही.

मग नॅशनल्सचे पैसे बुडाले का?

निव्वळ शेवटच्या कराराकडे पाहिले, तर हो. त्या रकमेत क्लबला दुसरे खेळाडू घेता आले असते. २०१९ नंतर नॅशनल्सची घसरण झाली, त्यात या कराराचाही वाटा आहे. पण पर्याय काय होता? त्याच हिवाळ्यात अँथनी रेंडन हा प्रमुख फलंदाजही फ्री एजंट झाला होता आणि दोघांपैकी एकालाच ठेवणे परवडेल, असे क्लबचे मालक मार्क लर्नर यांनी जाहीरपणे सांगितले होते. रेंडन लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला तोही सात वर्षांसाठी आणि नेमक्या २४.५ कोटी डॉलरवर. पुढे दुखापतींमुळे तो एकाही मोसमात ६० सामने खेळू शकला नाही. फलंदाज निवडला असता, तरी नशीब फारसे वेगळे नसते.

संपूर्ण कारकीर्द धरली तर हिशेब बदलतो. तीन करारांची बेरीज ३३ कोटी ५१ लाख डॉलर होते आणि इनिंग १,४७०. एका इनिंगमागे सुमारे २ लाख २८ हजार डॉलर. त्यात ११३ विजय, १,७२३ स्ट्राइकआउट आणि क्लबच्या इतिहासातील एकमेव वर्ल्ड सीरिज विजेतेपद आहे. २०१० ते २०१६ या काळात क्लबने त्याला बाजारभावापेक्षा कमी दिले आणि २०२० नंतर कामापेक्षा जास्त. पहिल्या निम्म्या भागाबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण तो फरक मथळ्यांत येत नाही.

खेळाडू संघटना आणि क्लबमालक यांच्यातील सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. स्ट्रासबर्गच्या मूळ कराराचे शेवटचे वर्षही २०२६ हेच. नव्या वाटाघाटींत हमीच्या दीर्घ करारांवर बोट ठेवताना मालकांना त्याचे नाव घेणे सोपे जाईल. संघटनेकडे उत्तर म्हणून कोफॅक्सचे नाव आहे. एकाला हात गेल्यावर सर्व काही मिळाले, दुसऱ्याला काहीच नाही. तरुण पिचरला पहिल्या सहा वर्षांतच कामाचे योग्य मोल मिळू लागले, तर तिशीनंतरच्या हमीवर इतका भार टाकावा लागणार नाही. मात्र त्यासाठी स्वस्तात मिळणारी ती सहा वर्षे क्लबना सोडावी लागतील.